जोडीची टी-चाचणी की स्वतंत्र गटांची?

टी-चाचणी म्हणजे दोन सरासरींमधला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारी चाचणी. निफाडच्या द्राक्षबागेत समजा 10 वेली निवडल्या. प्रत्येक वेलीच्या एका ओलांड्यावर (आडव्या फांदीवर) पालाशची फवारणी, दुसऱ्यावर नुसतं पाणी. दोन्हींकडच्या घडांची ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) मोजली. सरासरी फरक 0.8, फरकांचं प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत त्याचं माप) 0.9, आणि प्रत्येक गटाचं स्वतःचं विचलन 1.6.

जोडीची चाचणी लावली तर टी 2.81, स्वातंत्र्यांश (जोड्यांची संख्या वजा एक) 9, पी (फवारणीचा परिणाम नसतानाही एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) साधारण 0.02. हेच आकडे स्वतंत्र गट म्हणून टाकले तर टी 1.12 वर येतो आणि पी 0.28 च्या आसपास जातो. कारण वेलीवेलींतला मोठा फरक जोडीत वजा होतो; स्वतंत्र चाचणीत तो तसाच राहतो आणि परिणाम झाकून टाकतो. म्हणून चाचणी प्रयोगाच्या मांडणीवरून ठरवा, पी बघून कधीच नाही.

फवारलेली बाग दिंडोरीची आणि न फवारलेली निफाडची असेल, तर मात्र जोडी लागत नाही. तिथे वेल्चची स्वतंत्र चाचणी घ्या; ती दोन्ही गटांचं प्रचरण, म्हणजे विचलनाचा वर्ग, समान धरत नाही. (शिवाय माती-हवामानाचा फरकही त्यात मिसळतो, तो कुठलीच टी-चाचणी काढून देत नाही.) 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वेल्च आपोआप लागते. एसपीएसएसमध्ये तक्त्याची दुसरी ओळ वाचा, समान प्रचरण न धरलेली. एक्सेलच्या टी.टेस्टमध्ये शेवटचा आकडा जोडीसाठी 1, वेल्चसाठी 3. 2 समान प्रचरण गृहीत धरतो.

जोडीच्या चाचणीत सगळ्यात घातक चूक म्हणजे एकच रकाना वेगळा क्रमवार लावणं. जोड्या तुटतात, सॉफ्टवेअर मुकाट्याने उत्तर देतं. अहवालात पी सोबत 95% विश्वास अंतरालही (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची अपेक्षा आहे तो) द्या: इथे 0.16 ते 1.44 ब्रिक्स.