केनियातील तीन आठवडे आणि वेंगुर्ल्याचे कुळथाचे पीठ

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत महिला बचत गटाचे एक छोटे दुकान आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील सहा जणांचा गट तीन आठवड्यांच्या मिशनसेवेसाठी पश्चिम केनियात, किसुमू शहरापासून दीड तासाच्या अंतरावरील एका गावी गेला, तेव्हा सोबतचा शिधा आम्ही याच दुकानातून घेतला. त्यात दोन किलो कुळथाचे पीठ, एक लिटर कोकमाचे आगळ, थोडी आमसुले, सोलकढीची पूड, मालवणी मसाला आणि आंबापोळी एवढे जिन्नस होते.

प्रथम तक्रार सांगते. सगळे सामान दुकानाने पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून दिले. अशा पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच, पण केनियात ती २०१७ पासून आहे आणि बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही त्या पिशव्या विमानतळावर सोडाव्या लागतात. सुदैवाने निघण्याच्या आदल्या रात्री हे लक्षात आले आणि आम्ही सारे कापडी पिशव्यांत भरले. पाकिटांवरची चिठ्ठी हाताने लिहिलेली व केवळ मराठीत होती. नैरोबीला सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याला त्या तपकिरी पिठाचा उलगडा होईना. शेवटी ‘उंगा’, म्हणजे तिकडच्या स्वाहिली भाषेत पीठ, हा एक शब्द आठवला आणि सुटका झाली. परदेशी जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पाकिटावर इंग्रजीत चार ओळी छापून घेणे या दुकानाला जड जाऊ नये.

आता पिठाविषयी. मी परिचारिका आहे. आमचा दिवस उजाडण्यापूर्वीच प्रार्थनेने सुरू होई, त्यानंतर दूध घालून उकळलेला गोड चहा मिळे (त्याला तिकडेही चायच म्हणतात) आणि सकाळी सातला, म्हणजे स्वाहिली घड्याळाच्या ‘पहिल्या’ तासाला, कारण तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर हजर असू. लेकरांची वजने घ्यायची, तापाच्या रुग्णांच्या बोटाला सुई टोचून मलेरियाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब सोडायचा, निकालासाठी पंधरा मिनिटे थांबायचे आणि तेवढ्यात पुढच्याचे बोट धरायचे, असे दुपारपर्यंत चाले. दुपारनंतर लाल मातीच्या वाटांनी घरभेटी असत. संध्याकाळी परतल्यावर सोलणे, चिरणे, वाटणे यांपैकी काहीही करण्याचे त्राण उरत नसे, आणि तिथेच या पिठाने आपली किंमत वसूल करून दिली.

कोळशाच्या शेगडीवर, जिला तिथे ‘जिको’ म्हणतात, तेलात ठेचलेला लसूण आणि मिरची परतायची, पाणी ओतून आधण येऊ द्यायचे, गार पाण्यात कालवलेले पीठ ढवळत ढवळत सोडायचे आणि वर दोन आमसुले टाकायची. दहा मिनिटांत सहा जणांची पिठी तयार होत असे. कुळीथ नीट भाजलेला होता, त्यामुळे कच्चट वास आला नाही, आणि दळण बारीक असल्याने गुठळीही झाली नाही. भाताऐवजी ती आम्ही उगालीबरोबर खाल्ली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच; तिचा गोळा हातात दाबून खळगा करायचा आणि त्यात पिठी घ्यायची. आम्हाला घरी ठेवून घेणाऱ्या बाईंनी पहिल्या घासाला तोंड वाकडे केले, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारले, “दादा, आज ते तुमचे आंबट करणार का?” मला दादा म्हटल्याचे मराठी वाचकांना नवल वाटेल, परंतु स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, आमच्या गटातल्या विशीतल्या मुलाला सगळे गाव काका म्हणत असे आणि त्याला ते शेवटपर्यंत सोसले नाही.

असे असले तरी पिठी रोज करू नये, असे मी सांगेन. यजमानाने रांधलेले बाजूला सारून आपला डबा उघडणे बरे दिसत नाही. आपल्या वेंगुर्ल्यातही एके काळी अमेरिकन प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनच्या डॉक्टरांनी दवाखाना चालवला. अशाच एका डॉक्टरांचे चिरंजीव रॉबर्ट गोहीन १९१९ साली इथे जन्मले आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष व भारतातील अमेरिकेचे राजदूत झाले. त्या माणसांपुढे आपल्या बायाबापड्यांनी पहिल्यांदा काय वाढले असेल आणि ते त्यांनी कसे गिळले असेल, हा विचार मला आयुष्यात प्रथम केनियात सुचला.

आगळ उत्तम होते. ओमेना नावाची बोटाएवढी मासळी व्हिक्टोरिया सरोवरातून काढून उन्हात वाळवतात. तिचा वास आला आणि मी मनाने वेंगुर्ल्याच्या बंदरावर पोहोचले. कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात ती शिजत असताना मी विचारून चमचाभर आगळ घातले, तेव्हा भांडे पुसून घेतले गेले. भर दुपारी उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे आगळ आणि साखर घालून पिण्याचेही सुख मिळाले. मात्र बाटलीचे झाकण ढिले निघाले आणि माझे दोन पांढरे झगे कायमचे गुलाबी झाले.

सोलकढीची पूड घेऊ नये. तिला नारळाच्या रसाची सर नाही आणि ती पाण्यात नीट विरघळतही नाही. मसाला चांगला पण आमच्या यजमानांना न झेपणारा. आंबापोळी पहिल्याच रविवारी मुलांनी संपवली.

पीठ पाव किलोला नव्वद रुपये आणि आगळ अर्ध्या लिटरला दीडशे रुपये पडले. परत आल्यावर झाकणाची तक्रार दुकानात केली, तेव्हा तिथल्या ताईंनी वाद न घालता पुढच्या खेपेला आपली पक्क्या फिरकीची बाटली आणण्यास सांगितले. त्या ती भरून देतात आणि रिकाम्या बाटलीचे दहा रुपये वजा करतात.