कोबोल्ड खेळायचा तर जुना की नवा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ. त्यातला कोबोल्ड म्हणजे ड्रॅगनशी नातं सांगणारा बुटका, सरड्यासारखा प्राणी. पाचव्या आवृत्तीत खेळाडूला दोन कोबोल्ड मिळतात: २०१६च्या ‘व्होलोज गाइड’ या पुस्तकातला आणि २०२२च्या ‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’मधला. वणीकडच्या आमच्या गावात कापूस विकून झाला की उन्हाळाभर टेबल बसतं. खेळ मी चालवतो, दोन्ही चालवून पाहिलेत.

कागदावर नवाच वरचढ. ताकदीच्या गुणांतलं वजा २ गेलं, उन्हाचा त्रास गेला. सोर्सररचा, म्हणजे उपजत जादूगाराचा, एक कँट्रिपही (हवा तेवढ्यांदा वापरता येणारा छोटा मंत्र) घेता येतो. जुना शत्रूपुढे लोळण घेऊन गयावया करायचा, नवा ड्रॅगनसारखी डरकाळी (‘ड्रॅकॉनिक क्राय’) फोडतो. गंमत म्हणजे फळ जवळपास तेच, दहा फुटांतल्या शत्रूंवर सोबत्यांना ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. पण गयावया करताना पोरं आवाज बदलायची, हात जोडायची. डरकाळीला नुसतं ‘क्राय वापरला’ म्हणतात आणि फासा टाकतात.

मला नव्याचं खटकलं ते हेच. थोडं खेळून झालं की हा कोबोल्ड आहे हे टेबलावर कुणाच्या लक्षातच राहत नाही. त्याचं कुणावाचून काही अडत नाही ना! जुन्याला पॅक टॅक्टिक्ससाठी, म्हणजे टोळीनं लढून हल्ल्यात ॲडव्हांटेज मिळवायला, शत्रूच्या पाच फुटांत आपला माणूस लागतो, म्हणून तो कायम कुणाच्या तरी मागं मागं. त्यातून भांडणं, लाडीगोडी, ‘मले सोडून जाऊ नका नं बे’ सगळं आपोआप येतं.

आणि ऊन. मे महिन्यातल्या दुपारी इकडे कुणाला ते समजावून सांगावं लागत नाही. एकानं विचारलं, ‘दादा, कोबोल्डनं डोक्याले दुपट्टा बांधला तं चालन का?’ नियमात बसत नाही. शत्रू उन्हात उभा असला तरी डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा) लागतोच. नाही म्हटलं. मग त्या पठ्ठ्यानं अख्ख्या टोळीला रात्री चालायला राजी केलं, आणि पहारा कुणी द्यायचा यावर जी जुंपली ती माझ्या कुठल्याच तयार प्रसंगात नव्हती.

तुमच्याकडे दोनच खेळाडू असतील, किंवा कुणाला ड्रॅगनच्या रक्ताचा ताठ जादूगार करायचा असेल, तर नवा बरा पडेल कदाचित. चार-पाच जणांचं टेबल असेल तर मी जुनाच देईन. वजा २ खुपत असेल तर खुशाल खोडा, ऊन तेवढं राहू द्या.