स्ट्रायकर पोरगा: बाहेर पाठवायचा की इथेच खेळवायचा?

भुसावळ-जळगावकडच्या एकोणीस-वीस वर्षांच्या फुटबॉल स्ट्रायकरला, म्हणजे गोल मारणाऱ्या पुढच्या खेळाडूला, परदेशी क्लबचं बोलावणं आलं की घरात दोन तट पडतात. बाप म्हणतो, रेल्वेची भरती बघ. मामा म्हणतो, जाऊ द्या पोराला. माझं मत विचाराल तर देश कोणता यापेक्षा मैदानावर मिनिटं किती मिळणार, ते आधी बघा.

इथली अडचण खरी आहे. आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एका संघाचे चार परदेशी खेळाडू एकावेळी उतरू शकतात आणि नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची जागा बहुतेक क्लब त्यांनाच देतात. आपला पोरगा विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला सरकतो, नाहीतर ऐंशीव्या मिनिटाला उतरतो. त्यात 2025 च्या जुलैत पुढचा हंगामच स्थगित झाला, तेव्हा करार खिशात असलेलेही टांगणीला लागले.

पण बाहेर गेलं की परदेशी आपणच! गावातल्या पोराचे चार सामने कोरडे गेले तर क्लब सांभाळून घेतो, बाहेरून आणलेल्याला थेट बाकावर बसवतो. भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्रीचंच बघा. 2010 ला अमेरिकेत कॅन्सस सिटी, 2012 ला पोर्तुगालात स्पोर्टिंगचा ब संघ. दोन्हीकडे मोजकेच सामने मिळाले. मोठं नाव झालं ते इथेच खेळून. ईशान पंडिता या दुसऱ्या स्ट्रायकरने 2016 मध्ये स्पेनच्या लेगानेसशी करार केला, पण आपल्याकडे तो लोकांना माहीत झाला 2020 मध्ये आयएसएलच्या एफसी गोवात आल्यावर. उलट मणिपूरची स्ट्रायकर बाला देवी. देशात वर्षानुवर्षं गोलांचा सपाटा लावून ती 29 व्या वर्षी, 2020 मध्ये, स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली आणि तिथेही गोल केला.

अठरा पूर्ण नसतील तर विषयच बंद. अठराखालच्या पोराला परदेशी क्लबात जाता येत नाही, हा फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम आहे, अपवाद अगदी मोजके. ट्रायलसाठी लाखभर मागणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा.

करारातला पगार सगळेच वाचतात. खोलीचं भाडं कोण भरणार, परतीचं तिकीट कोणाकडे, गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर ऑपरेशन कोणाच्या खर्चाने आणि तेवढे महिने पगार चालू का, हे वाचायचं राहतं. स्ट्रायकरचा गुडघा गेला की सहा-नऊ महिने सहज जातात. जेवणाचं फार मनावर घेऊ नका. कळण्याची भाकरी नसली तरी पोरं निभावतात.

मी असतो तर आधी दोन हंगाम आयएसएलच्या खालच्या लीगमध्ये पूर्ण नव्वद मिनिटं नऊ नंबरला खेळवला असता, जमलं तर महाराष्ट्राकडून संतोष ट्रॉफी ही राज्यांची स्पर्धाही. मग एकवीस-बावीसला बाहेर, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या, स्ट्रायकर खरोखर कमी असलेल्या क्लबात. बापाचंही चुकत नाही: रेल्वेच्या खेळाडू कोट्याला साधारण 25 ची वयोमर्यादा असते, म्हणजे बाहेर दोन हंगाम काढूनही फॉर्म भरता येतो. तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा निघालात तर मात्र दोन्हींतलं एकच हाती लागेल.