गोठ्याला कोणता, मळ्याला कोणता: रात्रीचा कॅमेरा घेण्याआधी

राधानगरीकडच्या आमच्या मळ्यात मोटरची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत येते. उसाला पाणी पाजायला निघालेल्या माणसाला बॅटरीच्या झोतापुरतंच दिसतं, आणि गवा त्या झोताबाहेर उभा असतो. गेल्या हिवाळ्यात धाकट्या काकांसमोर दहा-बारा पावलांवर एक गवा उसातून बाहेर आला. काका बांधामागं सरकले म्हणून वाचले. त्यानंतर मी कोल्हापुरात येऊन दुकानं पालथी घातली. ‘नाईट व्हिजन’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे तेव्हा कळलं.

पहिली वस्तू सैन्यातली म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली, हिरव्या चित्राची. चांदण्याचा जो थोडा उजेड भिंगातून आत येतो, त्याचे नळीत इलेक्ट्रॉन होतात, ते हजारो पटींनी वाढतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर आदळून पुन्हा उजेड देतात. हिरवा रंग डोळ्याला सगळ्यात सोसतो, म्हणून तो. आता पांढऱ्या पडद्याच्याही नळ्या मिळतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सची पुण्यातली कंपनी आपल्या सैन्यासाठी अशा नळ्या बनवते. चित्र सुरेख, पण मुळात थोडा तरी उजेड लागतोच. अमावस्येला ढगाखाली, उसाच्या सरीत तो कुठून आणणार? शिवाय चांगल्या नळीची किंमत लाखांत. शेतकऱ्यानं हिच्या मागं लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे: इन्फ्रारेड दिव्यांचा कॅमेरा आणि थर्मल.

इन्फ्रारेड कॅमेरा स्वतःच उजेड टाकतो, फक्त तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी आतून ‘टिक’ असा आवाज येतो, तो सेन्सरवरची इन्फ्रारेड अडवणारी गाळणी बाजूला सरकल्याचा. त्यानंतर चित्र काळं-पांढरं होतं. दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतील तर लांबपर्यंत दिसतं, पण अंधारात दिव्यांवर मंद लाली कळते. ९४० चे असतील तर लाली नाही, पण पल्लाही कमी, कारण सेन्सरच त्या उजेडाला कमी दाद देतो. गोठ्याला मी ८५० चाच सांगेन. लाली दिसली तर चोर बिचकेल, ते बरंच. काही हजारांत काम होतं आणि चेहरा ओळखू येतो. दोष एकच, पण मोठा: कोळ्यानं भिंगासमोर जाळं विणलं किंवा पावसाची झड लागली की तो उजेड जवळच आपटून परततो आणि सगळं चित्र पांढरं होतं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा फडकं मारावंच लागतं.

थर्मलला उजेड लागतच नाही. प्रत्येक ऊबदार अंगातून जी उष्णता बाहेर पडते, तीच तो टिपतो, साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात. साधी काच ती उष्णता अडवते, म्हणून याचं भिंग जर्मेनियमचं असतं आणि किंमतही त्यामुळं चढते. गाडीच्या किंवा खिडकीच्या काचेतून याला बाहेरचं काही दिसत नाही. दाट उसाच्या आत शिरलेला गवाही दिसत नाही, पानांच्या फटीतून मात्र अंगाची ऊब चमकते. थंडीच्या पहाटे चित्र सर्वांत स्वच्छ असतं. वैशाखात तापलेले दगडी बांध सांजेला जनावरासारखेच उजळतात, तेव्हा थोडं थांबून बघावं. चेहरा आणि गाडीचा नंबर यात वाचता येत नाही.

डब्यावरच्या मीटरांवर मात्र विसंबू नका. ‘९०० मीटर’ म्हणजे तिथं काहीतरी आहे एवढंच. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञानं मोजून ठेवलंय: वस्तू आहे हे कळायला चित्रात साधारण दोन ठिपके पुरतात, पण माणूस की जनावर हे कळायला आठेक लागतात. १९ मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग आणि १२ मायक्रॉनच्या ठिपक्यांचा सेन्सर धरला, तर ३०० मीटरवर एक ठिपका सुमारे १९ सेंटिमीटरचा होतो. पावणेदोन मीटर उंचीचा गवा नऊ ठिपक्यांत मावतो, म्हणजे ओळखू येतो. ९०० मीटरवर तो तीनच ठिपके उरतो. बांधावरून दोन-तीनशे मीटर दिसलं तरी आपलं भागतं, त्याच्यापुढच्या मीटरांसाठी जास्त पैसे घालू नका.

तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: कोण आलंय ते ओळखायचंय, की काही आलंय हे वेळेवर कळायला हवंय? गोठा, गोदाम, घराचं फाटक असेल तर इन्फ्रारेड. रात्री पायी शिवारात जाणारं माणूस असेल तर थर्मल. किंमत एका घराला झेपत नव्हती, म्हणून आम्ही चार घरांनी मिळून हातातला एक घेतला. ज्याची पाण्याची पाळी, त्याच्या गळ्यात तो.

घेताना दुकानाच्या आत बघून ठरवू नका. अंधार पडल्यावर बाहेर रस्त्यावर न्या, लांबच्या कुत्र्यावर धरा, आणि बॅटरी किती तास टिकते ते चालू ठेवूनच बघा, कारण आपली पाळी रात्रभराची असते.

काका आता मोटर चालू करण्याआधी बांधाच्या टोकाला उभे राहून दोन्ही बाजूंच्या सऱ्यांवरून थर्मल एकदा फिरवून बघतात. ऊब दिसली की पाणी त्या रात्री राहतं, आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन जातो.