सांगलीतील पुरुष आरोग्य तपासणी : वैवाहिक इतिहासाची योग्य दखल
विश्रामबाग परिसरातील एका दवाखान्याची पुरुषांसाठीची तपासणी मला मोलाची वाटली, कारण तेथील डॉक्टर रक्तदाब आणि साखर पाहण्यापूर्वी विवाह, घटस्फोट किंवा पत्नीचे निधन यांविषयी आस्थेने विचारतात. लग्नानंतर पुरुषांचे वजन अनेकदा वाढते, तर साथ सुटल्यावर धूम्रपान, मद्यपान आणि अवेळी जेवण बळावू शकते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे; अर्थात मुळात निरोगी पुरुषांचे लग्न जमण्याची व टिकण्याची शक्यता अधिक, हेही विसरू नये. माझ्या विधुर काकांच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या मर्यादेपलीकडे गेल्याचे येथेच कळले आणि त्यांना स्वतः रांधता येईल असा भाकरी-उसळीचा आहार लिहून मिळाला. मात्र हीच खासगी माहिती स्वागतकक्षात सर्वांसमोर विचारून अर्जात भरली जाते, ते तातडीने थांबले पाहिजे.