भिंतीवरचा सिंहगड : नऊ महिने आणि एक पावसाळा

भिंतीवर लावायचा हा सिंहगडाचा लाकडी देखावा फेब्रुवारीत घेतला, आता नोव्हेंबर चाललाय. पाइनच्या तीन फळ्यांत कोरलेल्या डोंगररांगा आणि फटींतून डोकावणारं पांढऱ्या लोकरीचं धुकं. साडेआठ हजार. "एवढ्यात दर रविवारी गडावर पिठलं-भाकरी झाली असती," असं आई म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं.

रंग झकास, पॅकिंग चोख. बोलायचंय ते वरच्या फळीबद्दल. जुलैत गड झुकायला लागला. अक्षरशः. वरची धार भिंत सोडून खोलीत यायला लागली. आधी मागे रुपयाचं नाणं जायचं, मग दोन, ऑगस्टमध्ये पेन्सिल. रोज चहाआधी मी पेन्सिल सरकवून बघायचो, बायको कपाळावर हात मारायची.

तक्रारीवर उत्तर आलं, "सर, लाकूड नैसर्गिक आहे, दमट हवेची वॉरंटी नाही." अहो, सह्याद्री विकता आणि पाऊस चालत नाही?

एक तारा द्यायचा हे तेव्हाच ठरलं होतं. पण फळी काढून भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका सुतारकाकांकडे नेली. त्यांनी उलटी करून अंगठा फिरवला. "मागून कोरीच आहे की." पुढून पॉलिश, मागून उघडी, ओल मागूनच शिरते, मागची बाजू फुगते आणि फळी पुढे वाकते. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं, म्हणून नेमकी वरची धार सुटली. मी म्हटलं, आत्ताच पॉलिश मारा. तर म्हणाले, "आत्ता मारलं तर ओल आत कोंडेल. दिवाळीनंतर या."

दिवाळीपर्यंत पेन्सिल जायची आपोआप बंद झाली होती! मग मागून दोन हात पॉलिश, स्क्रूची गोल भोकं लांबट केली, म्हणजे लाकडाला हलायला जागा. साडेतीनशे रुपये. कारखान्यात हे काम कितीसं महाग पडलं असतं?

लोकरीबद्दल मात्र मत बदललं. धूळ बसते खरी (व्हॅक्यूमच्या नळीला जुना पायमोजा लावून ओढतो), आणि पावसाळ्यात घोंगडीसारखा वास येतो. मला नको वाटायचा. आई मात्र येता-जाता नाक जवळ नेते, तिच्या माहेरी घोंगड्या असायच्या. पिठलं-भाकरीचा हिशेब तिने परत काढलेला नाही.

तीन तारे. सध्या एक नाणं जातं.