कच्चा टाका, पक्क्या शिलाईचा भाव

लातुरात मी २२ वर्षं ब्लाऊज शिवते. गंजगोलाईतून कापड घेतलं की बाया तशाच माझ्याकडे येतात. दुसऱ्या कुणी अस्तर न लावता अस्तराचे पैसे घेतले असतील, तर ब्लाऊज उलटा करून मी एका नजरेत सांगते. स्वतःच्या तोंडाचं काम दिलं तेव्हा मात्र उलटी बाजू बघायचं सुचलंच नाही.

मे महिन्यात थोरलीचं लग्न होतं. वयानं म्हणा, मान खाली घालून मशीनवर बसण्यानं म्हणा, गाल उतरले होते, हनुवटीखाली कातडी लोंबायची. एकदा जाऊबाई हसत म्हणाल्या, "आक्का, फोटोत नवरीच्या शेजारी तुम्हीच राहणार, जरा चेहऱ्याकडं बघा की." त्याच रात्री मोबाईलवर जाहिरात आली. बिना ऑपरेशन फेसलिफ्ट, म्हणजे उतरलेला चेहरा वर उचलून देणार, एका तासात घरी.

क्लिनिक चकचकीत होतं. डॉक्टर दोन मिनिटं आले, बाकी सगळं एका मुलीनं बोलून घेतलं. तिला तिथं काउन्सिलर मॅडम म्हणायचे. तिनं टॅबवर माझा फोटो काढला आणि बोटानं गाल वर ओढून दाखवले. "मावशी, हे तुम्हीच आहात." मी त्या फोटोलाच भुलले. भाव ९०,००० सांगितला, आज बुक केलं तर ६५,०००. गिऱ्हाइकाला मीही असंच बोलते, "आजच माप द्या, शिलाईत कमी करते". तरी कळलं नाही. १५,००० फोनवरून दिले. उरलेल्या ५०,००० साठी तिनं माझा मोबाईल हातात घेतला, आलेला ओटीपी टाकला आणि "बारा हप्ते झाले बघा" म्हणाली. ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, क्लिनिकची उधारी नव्हती, हे पहिला हप्ता कापल्यावर समजलं. बिल मागितलं तर म्हणाली, "पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो मावशी, तुमचेच पैसे वाचवायलोत की आम्ही." हातात चिठ्ठी दिली, तीवर 'स्किन पॅकेज' एवढंच.

बीपीची गोळी चालू आहे का, हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. तोंडाला बधिर करायचं मलम लावून आडवी केली आणि तेव्हा इंग्रजी कागदावर सही घेतली. चष्मा पर्समध्ये होता. कानशिलाजवळ इंजेक्शन, मग एक लांब सुई आत सरकली आणि दोरा ओढल्याचं जाणवलं. दोरा ओढल्याचं मला नाही कळणार तर कुणाला!

तिसऱ्या दिवशी आरशासमोर तोंड उघडलं तर उजव्या गालाला चुणी. टीप मारताना दोरा ताठ राहिला की कापड गोळा होतं, अगदी तशी. केस विंचरताना कानशिलावर काहीतरी टोचायचं. लेक म्हणाली, "आई, तू एका बाजूनंच हसायलीस." क्लिनिकला रोज फोन केला, उत्तर एकच, "सूज आहे, बसेल." लग्नात डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसले. फोटोग्राफर म्हणतोय, काकू पदर मागं घ्या. मी कशाची घेते.

लग्नानंतर भाच्यानं संभाजीनगरला एका प्लास्टिक सर्जनकडे नेलं. त्यांनी आधी बीपी मोजलं, मग विचारलं, "मिश्री लावता का?" मी लाजले. तंबाखूनं कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, टाके नीट भरत नाहीत, म्हणून विचारलं म्हणाले. बाहेर आलेलं दोऱ्याचं टोक त्यांनी जागा बधिर करून कापून काढलं. चुणी दोरा विरघळेल तशी सैल पडेल म्हणाले. दोरा पीडीओ नावाच्या जातीचा होता, साधारण सहा-आठ महिन्यांत विरघळणारा. म्हणजे कच्चा टाका! ट्रायलसाठी घालतो आणि उसवून टाकतो तसा, आणि भाव पक्क्या शिलाईचा. दोऱ्याचं काम वाईटच असतं असं ते म्हणाले नाहीत. उतरलेली कातडी थोडी असेल तर काही महिने फरक दिसतो, पण ते फेसलिफ्ट नव्हे.

खरं फेसलिफ्ट काय, तेही समजावलं. कानशिलाच्या केसांपासून कानापुढून कानामागं चीर घेतात. नुसती कातडी ओढली तर चेहरा ताणलेला दिसतो, म्हणून तिच्याखालचा मजबूत थर घट्ट करतात आणि उरलेली कातडी कापून टाके घालतात. मी म्हटलं, म्हणजे अस्तर आवळायचं, वरचं कापड नाही. डॉक्टर हसले. काही तासांचं ऑपरेशन, भूल द्यायला वेगळा डॉक्टर, सूज आणि काळेनिळे डाग दोन-तीन आठवडे. बीपी चढलेलं असेल तर कातडीखाली रक्त साठायची भीती. चेहऱ्याच्या नसेला धक्का लागला तर ओठ-भुवई हलायची अडचण. लग्न तीन आठवड्यांवर असताना शहाणा सर्जन याला हात लावत नाही.

आता दुकानात बाया हळूच विचारतात, तेव्हा मी आधी पदवी बघायला लावते. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच., किंवा त्याच विषयातली डी.एन.बी. माझ्या क्लिनिकच्या पाटीवर नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' होतं, पुढं एकही अक्षर नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायचा. दोरा की चीर, दोरा असेल तर कुठला आणि किती, ते लिहून घ्यायचं. सहीचा कागद घरी आणून वाचायचा. मेडिक्लेम अशा हौसेच्या कामाला पैसे देत नाही, हेही आधीच धरून चाला. आणि ओटीपी आईबापालासुद्धा सांगू नका.

भाच्यानं क्लिनिकला लेखी अर्ज दिलाय. डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रं ७२ तासांत द्यावी असा नियम आहे. आमचे आठ दिवस उलटले. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ती चिठ्ठी, हप्त्यांचे मेसेज आणि काउन्सिलर मॅडमनं पाठवलेला तो गाल ओढलेला फोटो मी पिशवीत घालून ठेवलाय.

हप्ते अजून सात आहेत. दोरा त्याच्या आधी विरघळेल.